पुस्तकावर लेखकाची सही आहे? थांबा, आधी मागचं पान बघा

जुन्या पुस्तकांच्या दुकानात एखादी इंग्रजी कादंबरी हाती लागते. आत लेखकाची सही. दुकानदार म्हणतो, ‘फर्स्ट एडिशन आहे साहेब.’ आपल्याला वाटतं लॉटरीच लागली! पण मुरलेले संग्राहक सही सगळ्यात शेवटी बघतात. आधी उघडतात कॉपीराइटचं पान.

कारण त्यांना पहिल्या आवृत्तीचीही पहिली छपाई हवी असते. मराठीत आपण पुनर्मुद्रणालाही सर्रास आवृत्तीच म्हणतो, म्हणून इथे हमखास गोंधळ होतो.

‘हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन’चंच बघा. जून १९९७ मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरीने पुठ्ठा बांधणीच्या फक्त ५०० प्रती छापल्या. त्यांच्या कॉपीराइटच्या पानावर १० ते १ असे उलटे आकडे आहेत. नवी छपाई झाली की शेवटचा आकडा काढतात. म्हणजे १ गायब असेल, तर विषय संपला. डिसेंबर २०२१ मध्ये या ५०० पैकी एक प्रत अमेरिकेतल्या लिलावात ४,७१,००० डॉलरला गेली. (सगळेच प्रकाशक असे आकडे छापत नाहीत, जुन्या पुस्तकांत तर ते नसतातच.)

दुसरी गोष्ट म्हणजे वरचं कागदी वेष्टन, डस्ट जॅकेट. १९२५ च्या ‘द ग्रेट गॅट्सबी’चं जॅकेट पुस्तकापेक्षा किंचित उंच होतं, त्यामुळे ते फाटायचं आणि लोक फेकून द्यायचे. आज जॅकेटसह प्रतीला नुसत्या पुस्तकाच्या कित्येक पट भाव मिळतो. साहजिकच नकली जॅकेटंही फिरतात.

आता सही. ‘द कॅचर इन द राय’चे लेखक सॅलिंजर लोकांपासून लांबच राहिले, त्यामुळे त्यांची सही दुर्मीळ. ती स्वस्तात मिळत असेल तर संशय घ्याच. सही यंत्राचीही असू शकते. २०२२ मध्ये बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या सहीवाल्या ९०० प्रती ६०० डॉलरला एक अशा विकल्या गेल्या. चाहत्यांनी सह्यांचे फोटो एकमेकांशी ताडून पाहिले आणि बिंग फुटलं! प्रकाशकाला सगळ्यांचे पैसे परत करावे लागले.

सहीबरोबर ‘अमक्यास सप्रेम’ असं लिहिलेलं असेल तर किंमत पडतेच असं नाही. तो ‘अमका’ लेखकाचा मित्र किंवा संपादक निघाला, तर उलट चढते.

ऑनलाइन घेताना तीन फोटो मागा: कॉपीराइटचं पान, जॅकेटची आतली घडी, सहीचं पान. प्रत कुणाकडून आली तेही विचारा आणि सही खोटी निघाल्यास पैसे परत देणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.