मान डोलावली म्हणजे समजलं का?

मागच्या व्याख्यानानंतर काही तरुण शिक्षकांनी आम्हाला थांबवून एकच प्रश्न विचारला: "सर, वर्ग हातातून निसटतोय हे ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर करायचं काय?" आज त्याबद्दलच बोलू. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे शिक्षक, त्यामुळे सुरुवात न्यायशास्त्रापासून करतो. घाबरू नका, लगेच वर्गात येणार आहोत.

डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं आपण म्हणतो. धूर दिसतो, आग दिसत नाही. शिक्षकाचंही तसंच आहे. विद्यार्थ्याचा चेहरा दिसतो, हातातलं पेन दिसतं. त्याला काय समजलं ते दिसत नाही. ते अनुमानानेच ओळखावं लागतं, आणि अनुमान म्हटलं की चुकीची शक्यता आलीच. फसव्या हेतूला नैयायिक हेत्वाभास म्हणतात. त्यातला एक प्रकार म्हणजे सव्यभिचार. जो हेतू साध्य असेल तिथेही सापडतो आणि नसेल तिथेही सापडतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मान डोलावणं हा नेमका असा हेतू आहे. ज्याला समजलं तो मान डोलावतो, आणि ज्याला समजलं नाही तोही डोलावतो. किंबहुना तो थोडी जास्तच डोलावतो, कारण सरांनी आपल्याला उभं करू नये असं त्याला वाटत असतं.

आम्हाला हे उमगायला बरीच वर्षं लागली. एकदा पदवीच्या पहिल्या वर्षाला व्याप्ती शिकवत होतो. जिथे धूर, तिथे आग. दोन तास झाले, माना डोलल्या, वह्या भरल्या. तिसऱ्या दिवशी सहज विचारलं, "मग जिथे आग, तिथे धूर, असं म्हणता येईल का?" जवळजवळ सगळा वर्ग "हो" म्हणाला. आता बघा, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, पण धूर नसतो. धुरासाठी सरपण ओलं असावं लागतं. परंपरेतलं हे जुनं उदाहरण आम्ही आदल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. ते प्रत्येकाच्या वहीत होतं, पण वहीच्या पुढे गेलं नव्हतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, खूण दिसल्याबरोबर निर्णय द्यायचा नाही, संशय घ्यायचा. न्यायाच्या १६ पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग संशय येतो. इथे संशय म्हणजे अविश्वास नव्हे, तर दोन्ही शक्यता समोर ठेवणं. पेनं एकदम थांबली, तर मुलं विचारात पडली आहेत की कंटाळली आहेत? एखादी मुलगी शेजारणीच्या वहीत डोकावते, ती गप्पा मारते आहे की तिचा एखादा शब्द ऐकायचा राहिला? कुणी विचारतो, "सर, हे परीक्षेला आहे का?" हा आळस आहे, की हे सगळं कशासाठी चाललंय तेच आम्ही सांगितलेलं नाही?

दुसरी गोष्ट, हा संशय छोट्या प्रश्नाने फेडायचा. "समजलं का?" हा तो प्रश्न नव्हे, त्याचं उत्तर कायम "हो सर" असंच येतं. ज्याची समज चुकली आहे त्याचं उत्तर वेगळं येईल, असा प्रश्न हवा. आणि विचारल्यावर थांबायला हवं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. तेच ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, "माहीत नाही" कमी होतं. करून बघा. ३ सेकंदांची शांतता शिक्षकालाच फार जड जाते.

तिसरी गोष्ट, जे उत्तर येईल त्याप्रमाणे खरोखर बदलायचं. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात यासाठी एक सोपी रीत रुळवली. पर्याय देऊन प्रश्न विचारायचा आणि प्रत्येकाचं मत घ्यायचं. बहुतेकांचं बरोबर आलं तर पुढे जायचं. फारच थोड्यांचं बरोबर आलं तर दुसऱ्या वाटेने पुन्हा शिकवायचं. मतं विभागली गेली तर शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगायचं आणि मग पुन्हा मत घ्यायचं. याला यंत्र लागत नाही. छातीपाशी १, २, ३ बोटं दाखवली तरी भागतं, आणि शेजाऱ्याचं बघून बोट वर करायची सोयही उरत नाही.

आता आमची एक चूक सांगतो, म्हणजे हा विषय आम्हाला एवढा महत्त्वाचा का वाटतो ते कळेल. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. कधीच काही लिहायचा नाही. एक दिवस आम्ही सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "लिहायचं नसेल तर वर्गात बसू नकोस." तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. वर्षाच्या शेवटी त्याच्या मित्राकडून कळलं, आम्ही मधूनमधून वापरत असू ते इंग्रजी शब्द त्याला भराभर लिहिता येत नव्हते. म्हणून तो कान देऊन ऐकायचा आणि खोलीवर जाऊन आठवेल तसं मराठीत उतरवून काढायचा. म्हणजे वर्गात सगळ्यांत लक्ष देऊन ऐकणारा कदाचित तोच होता. "लिहीत नाही, म्हणून लक्ष नाही" हे आमचं अनुमान, आणि तोही सव्यभिचारच! तास संपल्यावर दारापाशी थांबवून त्याला एकट्याला एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं. त्यानंतर आम्ही शब्द आधी फळ्यावर लिहायला लागलो, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. पण त्या मुलाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हा उद्याच्या तासाला एवढंच करा. जी खूण पाहून आपल्याला राग येतो, त्या खुणेचा दुसरा अर्थ काय असू शकेल ते बोलण्याआधी एकदा मनाशी म्हणून बघा, आणि मग विचारा. चांगला प्रश्न कसा तयार करायचा, हे पुढच्या वेळी उदाहरणं घेऊन पाहू.