आधी गच्ची, मग एसी

उभी असलेली इमारत न पाडता तिचे छप्पर, खिडक्या, पंखे, दिवे आणि थंडाव्याची यंत्रे सुधारून विजेचा खर्च कमी करणे, या कामाला बांधकाम क्षेत्रात ‘रेट्रोफिट’ म्हणतात. बिदर आणि कलबुर्गी या सीमाभागातील जिल्ह्यांत हे काम नव्या ‘हरित’ इमारतींपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे, कारण पुढची वीस-पंचवीस वर्षे इथला व्यापार ज्या इमारतींतून चालणार त्यांतल्या बहुतेक आजच उभ्या आहेत. कलबुर्गीतील सुपर मार्केट आणि स्टेशन रोडवरची दुकाने, गंजातल्या अडत पेढ्या, बिदरच्या उदगीर रोडवरचे दवाखाने, गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंवर चालणारी लॉज, भालकी-हुमनाबाद-बसवकल्याणच्या बाजारातले दुमजली गाळे आणि गावोगावचे फंक्शन हॉल असा हा पसारा आहे. बांधणीचा साचा बहुतेक ठिकाणी एकच: नऊ इंची विटांच्या भिंती, साडेचार-पाच इंची सिमेंटचा स्लॅब, पुढे शटर आणि मागे एखादी खिडकी, पुष्कळदा तीही नाही.

पूर्वीचे बांधकाम असे नव्हते. बिदरच्या पठारावर जांभा दगड मुबलक. जुन्या वाड्यांच्या भिंती त्याच्या, हात-दीड हात जाडीच्या, आणि वर मातीचे माळवद. १४७२ साली उभ्या राहिलेल्या महमूद गवानच्या मदरशात किंवा कलबुर्गी किल्ल्यातील १३६७ च्या जामा मशिदीत भर उन्हाळ्यात शिरले की बाहेरचा ताप मागे राहतो. जाड दगड दिवसभराची उष्णता पोटात घेतो आणि ती आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत रात्र होते. मशिदीचे अंगण तर छतानेच झाकलेले आहे. पाच इंची स्लॅबकडे एवढा दम नाही. दुपारच्या उन्हाची धग तीन-चार तासांत खाली उतरते, म्हणजे छत सर्वांत तापते ते संध्याकाळी पाच-सहाला, गिऱ्हाईक बाजारात येते त्याच वेळी.

यात सूर्याच्या वाटेचाही मोठा वाटा आहे. कलबुर्गी साधारण १७.३ आणि बिदर १७.९ उत्तर अक्षांशावर येते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. अशा दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला फारसे ऊन लागत नाही; पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना तिरपे ऊन मिळते आणि उरलेला सगळा मारा गच्चीवर होतो. निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊन पडते. त्या हिशोबाने हजार चौरस फुटांच्या गच्चीवर नव्वद किलोवॅटहून अधिक. उघडे करडे काँक्रीट त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग शोषते. शोषलेली बरीचशी उष्णता वाऱ्याबरोबर परत जाते हे खरे, पण उरलेली खाली उतरते आणि तापलेले छत माणसाच्या डोक्यावर तव्यासारखे धग टाकत राहते. मग पंखा छताजवळची गरम हवाच खाली ढकलतो आणि एसी अठरावर लावूनही घाम थांबत नाही. खोलीतली हवा थंड असते, छत तापलेले असते.

म्हणून या भागात पहिला पैसा गच्चीवर खर्च व्हायला हवा. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याच्या सफेदीचा. ताजी पांढरी सफेदी सत्तर टक्क्यांच्या आसपास ऊन परत फेकते. केंद्राच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत थंड छतासाठी किमान साठ टक्के परावर्तनाची अट आहे. साधा चुना ती सुरुवातीला सहज पुरी करतो. अडचण टिकण्याची. पावसाळ्यात चुना धुपतो, बिदरकडची तांबडी धूळ आणि कलबुर्गी-सेडम पट्ट्यातली सिमेंटची भुकटी त्यावर बसली की पांढऱ्याचा मळकट होतो. दरवर्षी हात मारण्याची तयारी असेल तर चुना पुरेसा आहे. त्याहून टिकाऊ म्हणजे परावर्तक रंग, जो काही वर्षे टिकतो, आणि चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक, जी नीट बसवली तर पिढीभर पुरते. काळपट शहाबादी फरशी मात्र गच्चीवर उघडी ठेवू नये. तिची खाण कलबुर्गी जिल्ह्यातच असल्याने ती सगळीकडे अंथरली जाते. खोलीच्या जमिनीला ती उत्तम, उन्हात वाईट. गळती थांबवण्यासाठी कोबा किंवा वॉटरप्रूफिंग करायचेच असेल तर त्याच वेळी वरचा थर पांढरा करून घेतला की मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. गच्चीवर पत्र्याचे शेड असेल तर पत्राही पांढरा करावा आणि दोन बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. शेजारच्या तेलंगण सरकारने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण आणले. हवामानाच्या वर्गवारीत सोलापूर उष्ण-कोरड्या आणि हैदराबाद संमिश्र गटात येते. हे दोन जिल्हे त्या दोहोंच्या मधले, त्यामुळे तिथे लागू पडणारे बहुतेक उपाय इथेही लागू पडतात.

गच्चीनंतर पश्चिमेची बाजू. अलीकडे जुन्या दुकानांच्या दर्शनी भागावर काच आणि एसीपी शीट चढवण्याची लाट आली आहे. त्यामागे जुन्या खिडक्या बुजतात आणि हवा खेळणे बंद होते. चकाकी येते, पण दुकान दुपारभर तापते. काचेच्या आत पडदा लावला तरी ऊन आत आलेलेच असते. अडवायचे तर ते काचेच्या बाहेरच. छज्जा पुढे ओढणे, बाहेरून चिक किंवा उभ्या पट्ट्या बसवणे हे आतल्या फिल्मपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आधी ताप अडवायचा आणि नंतर यंत्र बदलायचे, या क्रमाचा सर्वांत गाजलेला दाखला न्यूयॉर्कचा आहे. १९३१ साली पूर्ण झालेल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या नूतनीकरणात तिच्या ६,५१४ खिडक्या काढून, जुनीच काच वापरून, इमारतीतच उभारलेल्या कार्यशाळेत नव्याने जुळवण्यात आल्या. एकूण ऊर्जा वापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट होते. खिडक्या आणि दिवे सुधारल्यामुळे थंडाव्याची गरजच घटली. त्यामुळे नवे मोठे शीतक संयंत्र घेण्याऐवजी जुनेच दुरुस्त करून भागले, आणि वाचलेल्या पैशातून खिडक्यांच्या खर्चाचा बराच भार हलका झाला. भालकीच्या दुमजली गाळ्यालाही गणित हेच लागते. गच्ची पांढरी झाल्यावर दोन टनांच्या एसीच्या जागी दीड टन पुरतो. आधी दोन टनांचा घेऊन ठेवला तर नंतर गच्ची रंगवूनही तो पैसा परत येत नाही.

काम काढण्यापूर्वी इमारत किती वीज खाते हे ठाऊक हवे. त्यासाठी बारा महिन्यांची बिले आणि एक मोजपट्टी पुरते. वर्षभराच्या युनिटांना चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने भागायचे. समजा पाच हजार चौरस फुटांचे कार्यालय वर्षाला ४०,००० युनिट वापरते. पाच हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ४६५ चौरस मीटर. भागाकार येतो ८६. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००९ मध्ये कार्यालयांसाठी तारांकन सुरू केले. त्याच्या मूळ पट्ट्यांनुसार संमिश्र हवामानात, निम्म्याहून कमी भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयाला ८० च्या खाली आल्यावर पहिला तारा आणि ४० च्या खाली पाचवा. म्हणजे हे कार्यालय एकाही ताऱ्याला पात्र नाही. ते तारांकन मोठ्या जोडभाराच्या इमारतींसाठी असले तरी आपण कुठे आहोत हे पाहायला छोट्या मालकालाही तो आकडा उपयोगी पडतो.

पंखे आणि दिवे हे सर्वांत सोपे काम. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला तेराशेच्या घरात. तीन हजारांचा पंखा सव्वादोन-अडीच वर्षांत फिटतो, आणि करंट गेल्यावर इन्व्हर्टरची तीच बॅटरी दुपटीहून जास्त वेळ टिकते. इथल्या दुकानदाराला बहुधा दुसरा फायदाच आधी पटतो. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब पन्नासहून अधिक वॅट घेते, एलईडी वीसच्या आत. वातानुकूलित खोलीत यातून दुहेरी बचत होते, कारण दिव्याने ओतलेला प्रत्येक वॅट एसीला पुन्हा बाहेर काढावा लागतो.

थंडाव्याबाबत इथला उन्हाळा काही सवलत देतो. मार्च ते मे हवा कोरडी असते. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर चांगल्या कूलरच्या ओल्या जाळीतून निघालेली हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरते. शटर उघडे असलेल्या दुकानाला, गोदामाला, फंक्शन हॉलला याहून स्वस्त थंडावा नाही. दोन अटी मात्र आहेत: हवा बाहेर जायला वाट हवी, आणि पाणी हवे. ऐन उन्हाळ्यात पाणी हीच या भागातली अडचण असते. औषधांची दुकाने, शस्त्रक्रिया विभाग, बँकांच्या यंत्रांच्या खोल्या यांना एसीच लागतो. तिथे पाहायचे ते बाहेरच्या युनिटकडे. अरुंद बोळात सात-आठ युनिटे समोरासमोर लावलेली असतात आणि एकाची गरम हवा दुसरे ओढून घेते. ती गच्चीवर सावलीत, मोकळ्या हवेत हलवणे आणि त्यांच्या जाळ्या हंगामापूर्वी धुणे, यात नवीन खरेदी काहीच नाही. १ जानेवारी २०२० पासून विकल्या जाणाऱ्या तारांकित एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेले असते. ब्यूरोच्या अंदाजाप्रमाणे एक अंश वाढवला की सहा टक्के वीज वाचते.

एवढे करूनही बिल अपेक्षेइतके उतरले नाही तर दोष बहुधा कागदात असतो. या जिल्ह्यांना वीज पुरवणाऱ्या, कलबुर्गीत मुख्यालय असलेल्या जेस्कॉमच्या व्यापारी बिलात मंजूर भारावर स्थिर आकार असतो; वापर घटला तरी तो तसाच राहतो. म्हणून सुधारणेनंतर एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्यावा, सर्वाधिक मागणी पाहावी आणि मंजूर भार कमी करण्याचा अर्ज द्यावा. पॉवर फॅक्टरचा दंड लागत असेल तर कपॅसिटर तपासावेत. सौर पॅनेल या सगळ्यानंतर. वीज वाया घालवणाऱ्या इमारतीवर बसवलेले पॅनेल गरजेपेक्षा मोठे निघतात.

खरा अडसर तंत्राचा नाही, भाड्याचा आहे. गच्ची मालकाची, बिल भाडेकरूचे. मालकाने खर्च का करावा आणि अकरा महिन्यांच्या करारावरच्या भाडेकरूने तरी का? कायदा इथवर पोहोचत नाही. इमारत संहिता १०० किलोवॅट जोडभाराच्या पुढच्या बांधकामांसाठी आहे. कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली, पण साध्या गाळ्याचा भार तिच्यापासून फारच दूर असतो. सरकारी कंपनी ईईएसएलने खर्च आधी करून बचतीतून वसूल करण्याच्या पद्धतीने देशभरात दहा हजारांहून अधिक इमारतींत दिवे आणि पंखे बदलले, तेही मुख्यतः सरकारी इमारतींत. गाळेधारकांसाठी वाट आपसांतल्या कराराची आहे: गच्चीचा खर्च मालकाचा, पंख्यांचा भाडेकरूचा, आणि मुदत तीन वर्षांची. नगरपालिका आणि बाजार समित्यांच्या संकुलांत मालक एकच असतो. तिथे सुरुवात न होण्याला सबब नाही.

दिवाळीनंतर गच्च्या वाळलेल्या असतात आणि रंगारी हाताशी असतो. फेब्रुवारीअखेरपर्यंत सफेदी उरकावी, आणि त्याआधी गेल्या बारा महिन्यांची बिले वहीत टिपून ठेवावीत, म्हणजे येत्या मे महिन्याचे बिल मागच्या मेच्या बिलाशी ताडून पाहता येईल.