उजवी खुर्ची

मंडळाच्या कार्यक्रमात कुणी माझी ओळख 'हा पायलट आहे' अशी करून दिली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कुठल्या एअरलाइनला?" मी सांगतो, प्रवासी नाही, पार्सलं नेतो. समोरच्या काकूंचा चेहरा जरा उतरतो आणि त्या बटाटेवड्यांच्या रांगेकडे वळतात. त्यांचा दोष नाही. या देशात तीस वर्षं राहिलेल्यांनाही आमचा धंदा दिसत नाही, कारण तो पहाटे आणि दिवेलागणीनंतर चालतो.

तो असा चालतो. फेडेक्सची मोठी जेट विमानं रात्री मेम्फिसला जमतात, तिथे माल निवडला जातो आणि पहाटेपर्यंत ती ग्रँड रॅपिड्ससारख्या शहरांत पोचतात. तिथून पुढच्या लहान गावांसाठी लहान विमानं लागतात. ही विमानं फेडेक्सच्या मालकीची, पण ती चालवतात छोट्या कंत्राटदार कंपन्या, आणि पायलटही त्यांचेच. तुम्ही एखाद्या लहान गावात राहत असाल, तर पुण्याहून निघालेला चकली-अनारशांचा खोका शेवटचा टप्पा अशाच विमानातून आला असण्याची बरीच शक्यता आहे.

मी चार वर्षं सेसना कॅरॅव्हॅन चालवलं. 1982 साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान म्हणजे पंख लावलेला टेम्पोच. एकच टर्बोप्रॉप इंजिन, न मिटणारी चाकं, पोटाखाली सामानाची पेटी. माल साधारण 3,000 पौंड. भरताना शेपटीखाली टेकू लावायचा, नाहीतर मागे वजन पडलं की विमान बुडावर बसतं. टेकू काढायचा, जाळ्या आवळायच्या, कागदावर वजनाचा हिशेब मांडायचा, थंडीत शिडीवर चढून पंखावरून उघडा हात फिरवायचा, कारण पातळ पारदर्शक बर्फ डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. हे सगळं करणारा माणूस एकच, आणि तोच पुढे बसून विमान उडवणार.

उजवी खुर्ची रिकामी. नुसता माल असेल तर अमेरिकेचा कायदा ढगांतूनही एकट्याला उडू देतो. प्रवासी असतील तर दुसरा पायलट हवा, निदान ठरावीक दर्जाचा ऑटोपायलट तरी. खोक्यांसाठी तीही अट नाही. एकट्याला चोवीस तासांत 8 तास उडता येतं, दोघांना 10. म्हणजे दुसऱ्या माणसाची किंमत सरकारदरबारी दोन तास धरली आहे, असं मी गमतीने म्हणतो. आईला या गमतीचं हसू कधीच आलं नाही. "शेजारी कुणीच नसतं म्हणजे? तुला काही झालं तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं सांगायचं तर चक्कर येण्याची भीती मला कधी वाटली नाही. एकटेपणाचा त्रास वेगळ्याच ठिकाणी होतो. नोव्हेंबरातली एक संध्याकाळ सांगतो. ट्रॅव्हर्स सिटीहून ग्रँड रॅपिड्स, पाऊण तासाचा रस्ता. मिशिगन सरोवराचं पाणी अजून कोमट, वरून येणारी हवा गोठलेली, अशा वेळी किनाऱ्यालगतच्या ढगांत शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब असतात. विमानाला लागले की तिथल्या तिथे बर्फ होतात. पंखांच्या कडांवर हवेने फुगणारे रबरी पट्टे असतात, ते फुगले की बर्फ फुटून पडतो. पण चाकांच्या आवरणांवर पट्टे नसतात, तिथे तो साठतच राहतो. इंजिनाची ताकद तेवढीच आणि वेग 160 नॉटवरून 150, मग 140, मग 135. कॅरॅव्हॅनला बर्फात 120 च्या खाली जायची मुभा नाही. हा नियम काही अपघातांनंतर आला आहे.

पुढे जेट थांबलेलं. माझी पार्सलं चुकली तर ती एक दिवस उशिरा पोचणार. अजून पंधरा नॉट हातात आहेत, पुढचा ढग कदाचित विरळ असेल, असं मनातला एकजण म्हणतो. दुसरा म्हणतो, फिर मागे. दोघंही मीच, आणि दमलेलाही मीच. मी फिरलो. मागे आभाळ मोकळं होतं हे मला ठाऊक होतं, पुढचं ठाऊक नव्हतं, एवढाच हिशेब. उतरल्यावर ऑफिसातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा अगदी गोड आवाजात: "पुन्हा बघणार का जरा वेळाने?" मी नाही म्हणालो. पार्सलं त्या रात्री गावातच राहिली.

पुढे मी एटीआर 42 वर गेलो. दोन इंजिनं, मिटणारी चाकं आणि उजव्या खुर्चीत मी. डावीकडे कॅप्टन. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं झालं. एकजण उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो, आणि लक्ष ठेवणाऱ्याने बोलायचं असतं. चार वर्षं स्वतःशीच बोललेल्या माणसाला हे जड जातं, त्यात आपल्याकडचं वळण, वयाने मोठ्या माणसाला चुकलं म्हणायचं कसं? एकदा उतरताना वेग जास्त होता, उंचीही. कॅप्टन माझ्या वडिलांच्या वयाचे. मी ठरलेले शब्द उच्चारले: "गो अराउंड." त्यांनी चकार शब्द न काढता विमान वर घेतलं. खाली आल्यावर म्हणाले, "कॉफी माझ्याकडून."

दोघं असले की झालं, असं मात्र नाही. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ प्रवासी टर्बोप्रॉप कोसळलं, 50 माणसं गेली, आणि पुढे दोघं पायलट होते. वेग उतरत गेला तो दोघांच्याही लक्षात आला नाही. त्यानंतर एअरलाइनच्या सहवैमानिकालाही साधारण 1,500 तासांची अट आली. मालाच्या विमानावर ढगांतून एकट्याने उडायला मात्र 1,200 पुरतात. म्हणून पोरं मधले तीनशे तास कॅरॅव्हॅनवर काढतात: ज्याला अजून दुसऱ्याच्या शेजारी बसता येत नाही, त्याला एकटं पाठवायचं. हा हिशेब मला आजही पटत नाही.

आता तर डावी खुर्चीही रिकामी करायची तयारी चालू आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये कॅलिफोर्नियात हॉलिस्टरला रिलायबल रोबोटिक्सने एक कॅरॅव्हॅन आत कुणीही नसताना उडवलं आणि उतरवलं, माणूस दूर बसून देखरेख करत होता. मला त्याचा राग नाही. यंत्राला झोप येत नाही, आणि जेट चुकेल म्हणून ते कासावीसही होत नाही. फक्त ऑफिसातला तो गोड फोन यापुढे कुणाला जाईल, आणि तो नाही म्हणू शकेल का, एवढं मला जाणून घ्यायचं आहे.

गेल्या महिन्यात मी डाव्या खुर्चीत आलो. उजवीकडे एक पोरगा आहे, थेट कॅरॅव्हॅनवरून आलेला. चेकलिस्ट तो ओठातल्या ओठात पुटपुटतो. मी त्याला दर वेळी सांगतो, अरे, मोठ्यांदा म्हण, मला ऐकू येऊ दे.