उताराच्या बागेसाठी गवतकापणीचे यंत्र निवडताना

पावसाळा सरला की कोकणातल्या बागायतदाराला पहिली चिंता गवताची लागते. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सप्टेंबर संपेपर्यंत वरकस जमिनीवरचे गवत कमरेला लागते. ते वेळेवर निघाले नाही तर मोहोराच्या फवारणीला बागेत शिरायला वाट राहत नाही, आणि पुढे फेब्रुवारीपासून कुणाच्या तरी विडीच्या ठिणगीने दहा-पंधरा वर्षे जोपासलेली कलमे एका दुपारी होरपळून जातात. कोयता-विळा घेऊन बेणायला येणारे मजूर आता सहज मिळत नाहीत. म्हणून यंत्राचा विचार होतो.

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी दोन प्रकारची माणसे हा विचार करतात. एक, आखातातील नोकरी आटोपून गावी परतलेले, ज्यांची वडिलोपार्जित आंबा-काजूची बाग आहे आणि हाती थोडी शिल्लक आहे. दुसरे, गॅरेज किंवा वेल्डिंगचे काम जाणणारे तरुण, ज्यांना एखादे यंत्र घेऊन इतरांच्या बागा साफ करून देण्याचा धंदा करायचा आहे. दोघांचीही नजर प्रथम छोट्या ट्रॅक्टरकडे जाते. बसून काम होते, रुबाबही दिसतो. परंतु कोणते यंत्र घ्यावे हे आपल्या ऐपतीआधी जमिनीचा उतार ठरवतो, आणि तो मोजल्याशिवाय दुकानात पाऊल ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

उतार मोजायला इंजिनिअर लागत नाही. गवंडीकाम किंवा सुतारकाम करणाऱ्याच्या घरात साहित्य असतेच. दहा फुटांची सरळ पट्टी घ्या. तिचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, पट्टीवर पाणसळ ठेवून ती आडवी सपाट करा आणि खालचे टोक जमिनीपासून किती वर राहिले ते टेपने मोजा. एक फूट नऊ इंच आले तर उतार दहा अंशांचा. दोन फूट आठ इंच आले तर पंधरा अंशांचा. तीन फूट आठ इंच म्हणजे वीस अंश. बागेत एकाच जागी मोजून भागत नाही. जिथे सर्वांत जास्त चढ वाटतो तिथे, गडग्याजवळ आणि वळण घ्यावे लागेल अशा जागी निराळे मोजावे. डोळ्यांचा अंदाज येथे फसतो. पंधरा अंशांचा उतार खालून पाहताना किरकोळ वाटतो, यंत्रावर बसल्यावर तो उभा भासतो.

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांच्या बहुतेक पुस्तिकांत पंधरा अंशांच्या पुढे जाऊ नये अशी ताकीद असते, काहींत ही मर्यादा दहा अंशांचीच असते. हा आकडा कंपन्यांनी उगाच भीतीपोटी लिहिलेला नाही. त्यामागचा हिशेब समजून घेतला तर दुकानदाराच्या गोड बोलण्याला उत्तर देता येते.

समजा ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांतले अंतर तीन फूट आहे आणि यंत्राच्या वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून दोन फुटांवर आहे. नुसत्या भूमितीने पाहिले तर असा ट्रॅक्टर ३७ अंशांपर्यंत आडवा कलला तरी उलटू नये. परंतु ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर डोलत असतो, त्यामुळे सुरुवातीला पुढच्या चाकांचा आधार मिळतच नाही. ट्रॅक्टर खरे तर तीन पायांच्या तिवईसारखा उभा असतो : दोन मागची चाके आणि पुढची खिळी. हा हिशेब धरला की ३७ चे पंचविशीच्या आसपास येतात. आता पंधरा अंशांच्या उतारावर आडवे जाताना वरच्या बाजूचे मागचे चाक पाच इंची जांभ्याच्या दगडावर चढले, तर आणखी आठ अंशांची भर पडते. म्हणजे तेवीस. त्यात थोडा वेग, थोडे वळण किंवा खालच्या चाकाखाली उंदराचे बीळ आले की विचार करायला वेळ उरत नाही.

म्हणूनच बसून चालवायचे यंत्र उतारावर वर-खाली चालवावे, आडवे चालवू नये, हा नियम आहे. मागे चालत ढकलायच्या यंत्राला नियम नेमका उलटा : ते आडवे चालवावे, नाहीतर पाय घसरला की माणूस यंत्राखाली किंवा यंत्र माणसावर. हे दोन नियम एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

आपल्या राज्यात छोटे ट्रॅक्टर लोकप्रिय झाले ते नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांमुळे. तिथे वेलींच्या दोन ओळींत जागा कमी, म्हणून ट्रॅक्टर जितका अरुंद तितका चांगला. जमीन बहुधा सपाट. तोच अरुंद ट्रॅक्टर, विशेषतः वापरलेला स्वस्तात मिळतो म्हणून, घाट उतरून कोकणात येतो आणि जो गुण होता तोच दोष बनतो. आंब्याची जुनी लागवड दहा-दहा मीटरवर असते. तिथे अरुंदपणाची गरजच नाही. तेव्हा चाकांतले अंतर वाढवता येते का, डिस्क उलटी बसवून चाके बाहेर घेता येतात का, हे पहिल्यांदा विचारावे. उंच ट्रॅक्टरपेक्षा बुटका बरा. मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. उतारावर तिचा दुहेरी फायदा होतो, कारण वजन वाढते आणि ते खालीच राहते. किती भरायचे ते पुस्तिकेत असते, साधारण टायरच्या तीन चतुर्थांशापर्यंत.

बाजारात १५ अश्वशक्तीच्या आसपासच्या, दोन चाकांना जोर असलेल्या महिंद्रा युवराजसारख्या गाड्या आहेत, तसेच २४ अश्वशक्तीच्या, चारही चाकांना जोर असलेल्या महिंद्रा जिवो किंवा कुबोटाच्या लहान गाड्याही आहेत. उतारासाठी आमचे झुकते माप चार चाकांच्या जोराला आहे, आणि त्याचे कारण चढणे नसून उतरणे आहे. लहान ट्रॅक्टरचे ब्रेक साधारणपणे मागच्या चाकांनाच असतात. उतरताना वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि ओल्या गवतावर ब्रेक दाबला तरी ती घसरत जातात. चारही चाके जोडलेली असली तर इंजिनाची अडवणूक पुढच्या चाकांनाही मिळते. त्यासाठी उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. मध्येच क्लच दाबणे किंवा गाडी न्यूट्रल करून सोडणे, हे घाटातल्या ट्रकइतकेच येथेही जीवघेणे आहे.

ट्रॅक्टर उलटला तर चालक वाचावा म्हणून सीटच्या मागे भक्कम कमान असते. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू पुढे झपाट्याने घटले. कमान असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, कारण पट्टा नसलेला माणूस फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडतो. कमान नसेल तर मात्र पट्टा बांधू नये. हापूसच्या जुन्या झाडांच्या फांद्या खाली आलेल्या असतात, म्हणून दुमडणारी कमान घ्यावी आणि फांदीखालून बाहेर पडताच ती उभी करावी. आमच्या वेल्डिंगवाल्या बांधवांना एक विनंती. गिऱ्हाईक पाइप आणून देते आणि अशीच कमान करून द्या म्हणते, तेव्हा सावलीचे छप्पर जरूर करून द्यावे, पण ती संरक्षक कमान आहे असे सांगू नये. कारखान्यातली कमान वजन टाकून तपासलेली असते. आपल्या जोडाची तशी परीक्षा झालेली नसते, आणि तो जोड कसोटीला लागेल तेव्हा खाली कुणाचा तरी मुलगा असेल.

आता इंजिनाबद्दल, कारण दुकानात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. अनेक लहान चार-स्ट्रोक इंजिनांत तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडला लावलेली चमची तळाच्या तेलात बुडते आणि तेल उडवते. यंत्र फार वेळ कललेले राहिले की तेल एका कोपऱ्यात जाते, चमची कोरडी फिरते आणि बेअरिंग जाते. अशा काही इंजिनांच्या पुस्तिकेत वीस अंशांची मर्यादा दिलेली असते. पंपाने तेल पुरवणारे इंजिन उतारावर जास्त भरवशाचे, तरी तेल नेहमी वरच्या खुणेपर्यंत ठेवावे. विकत घेण्याआधी ‘यात तेलाचा पंप आहे का’ एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर देताना विक्रेता चाचरला तर पुस्तिका मागून स्वतः पाहावे.

पॉवर टिलर हाही पर्याय सुचवला जातो. सपाट वाफ्यात तो उत्तम, डोंगरउतारावर मात्र त्याची एक खोड माहीत असावी. वळण्यासाठी हँडलखालची खटकी दाबली की त्या बाजूच्या चाकाचा जोर सुटतो. चढावर किंवा सपाटीवर यंत्र त्याच बाजूला वळते. उतरताना तेच चाक मोकळे सुटून पुढे धावते आणि यंत्र उलट बाजूला वळते. नवखा माणूस येथे हमखास गोंधळतो.

पंधरा अंशांच्या पुढे, किंवा आळी, गडगे आणि कातळाच्या उंचवट्यांनी तुटलेल्या बागेत, पाठीला किंवा खांद्याला अडकवायचा ग्रासकटर हेच खरे यंत्र. दोन-स्ट्रोक ग्रासकटरमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, त्यामुळे तो कसाही धरला तरी वंगण मिळत राहते. मिश्रणाचे प्रमाण मात्र पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. १:५० म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, १:२५ म्हणजे ४०. अंदाजाने ओतणाऱ्याचा पिस्टन लवकर जातो, आणि मग यंत्रच वाईट होते अशी ओरड होते. कोणत्याही कलात चालणारी लहान चार-स्ट्रोक इंजिनेही आता मिळतात. ती काहीशी जड, परंतु धूर व आवाज कमी. जांभ्याची खडी पात्याला लागून गोळीसारखी उडते. डोळ्यांना चष्मा, पायांत बूट, पात्यावरची ढाल जागेवर आणि पंधरा मीटरच्या आत दुसरा माणूस नको. कोवळ्या कलमाच्या बुंध्याजवळ दोरीचे किंवा लोखंडी पातेही नेऊ नये. साल सोलली गेली की कलम मरते. तेवढा हातभर घेर विळ्याने काढावा.

धंद्याचा हिशेब मांडताना कागदावरचा वेग धरू नये. चार फूट रुंदीचा स्लॅशर ताशी तीन किलोमीटर चालला तर हिशेबाने तासाला ३६ गुंठे होतात. झाडांभोवतीची वळणे, दगड, मागे-पुढे करणे धरले तर त्याच्या निम्मे हाती लागले तरी समाधान मानावे. गावातल्या बागांपैकी किती ठिकाणी ट्रॅक्टर शिरू शकतो हे आधी पाणसळ घेऊन फिरून पाहावे. दहा बागांपैकी दोनच बागांत तो चालणार असेल, तर त्याच पैशात पाच-सहा ग्रासकटर, सुट्या भागांचा साठा आणि पाती धार लावायचे दुकान उभे राहते. गॅरेजची विद्या असलेल्याला दुसरा मार्ग जास्त बरकतीचा ठरेल असे आम्हांला वाटते. हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि त्या काळात बंद पडलेला ग्रासकटर त्याच दिवशी सुरू करून देणाऱ्याकडे लोक लांबून येतात.

आणखी एक व्यापारी मुद्दा. स्लॅशर गवताचा भुगा करतो. तो झाडाखाली आच्छादन म्हणून चांगला, पण त्याच्या पेंढ्या बांधता येत नाहीत. गोल दातेरी पात्याचा ग्रासकटर सावकाश चालवला तर गवत लांबच्या लांब पडते. ते वाळवून चाऱ्याला किंवा आंब्याच्या पेटीत घालायला विकता येते. ज्याच्याकडे गवताला गिऱ्हाईक आहे त्याने ही मिळकत हिशेबात धरावी.

ट्रॅक्टरबरोबर रोटाव्हेटर घ्याच, असा आग्रह दुकानात होतो. उताराच्या बागेत तो फिरवू नये. गवताची मुळे माती धरून ठेवतात. ती उखडली की पहिल्याच आषाढात वरची माती ओढ्याला लागते आणि खाली कातळ उघडा पडतो. गवत कापावे, चार बोटे बुडखा ठेवावा. बागेच्या हद्दीवर मात्र जाळरेषेचा पट्टा पूर्ण साफ करावा.

खरेदीआधी यंत्र आपल्याच बागेत, आपण मोजलेल्या उतारावर, विक्रेत्याच्या माणसाकडून चालवून दाखवायला सांगावे. तो नकार देत असेल तर त्यातच उत्तर मिळाले. सरकारी अनुदान घ्यायचे असल्यास पूर्वसंमती हाती आल्यावरच यंत्र घ्यावे, आधी घेतलेल्याला पैसे मिळत नाहीत. योजना व रकमा बदलत असतात, म्हणून तालुका कृषी कार्यालयात चालू वर्षाची चौकशी करावी. बिलावर इंजिन व चासी क्रमांक लिहून घ्यावेत. दोघा-तिघांनी भागीत यंत्र घेतले तर दुरुस्तीचा खर्च कोणी किती सोसायचा आणि हंगामात पहिली पाळी कुणाची, हे पैसे देण्याआधीच कागदावर लिहून सह्या कराव्यात.