मक्त्याचं वावर आणि हॉकीचा संघ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनची हर्रास सुरू झाली की व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाणा दाताखाली धरून ओलावा जोखतो आणि मगच भाव बोलतो. त्या भावात माल विकला जातो, वावर विकलं जात नाही. ज्याच्याकडे स्वतःचं वावर नाही तो वर्षाच्या बोलीनं मक्त्यानं करतो. मालाचा भाव वेगळा, वावराची किंमत वेगळी आणि मक्त्याची रक्कम वेगळी, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं.

हॉकी संघांच्या किमतीविषयी बोलताना मात्र या तिन्ही गोष्टींची सरमिसळ होते. टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये भारताच्या पुरुष संघानं कांस्यपदक मिळवलं. सात वर्षं बंद असलेली हॉकी इंडिया लीग २८ डिसेंबर २०२४ ला पुन्हा सुरू झाली. त्यामुळे खेळाडूंच्या लिलावातल्या बोलींचे आकडे घराघरांत पोचले. महाराष्ट्राचा संघ का नाही, आपल्याकडे हॉकी कोण बघतं, एवढा पैसा जातो कुठे, हे प्रश्न पोरं विचारतात. त्यांना खरी उत्तरं मिळावीत, म्हणून नेहमी कानावर पडणारे सहा समज इथे एकेक करून तपासले आहेत.

गैरसमज १ : हॉकीचा संघ हजारो कोटींना विकला जातो.

वस्तुस्थिती : हे आकडे खरे आहेत, पण ते आपल्या हॉकीचे नाहीत. अमेरिका आणि कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरची हॉकी समजली जाते. तिथली नॅशनल हॉकी लीग १९१७ पासून चालू आहे. तिच्यातला ओटावा सेनेटर्स हा संघ २०२३ मध्ये ९५ कोटी डॉलरना विकला गेला, म्हणजे तेव्हाच्या दरानं जवळपास आठ हजार कोटी रुपये. अशी बातमी मोबाइलवर आली की ‘बर्फावरची’ हा शब्द गळून पडतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, आपल्या हॉकीतही एवढा पैसा खेळतोय.

आपल्या मैदानी हॉकीचं माप फार लहान आहे. २०२४ च्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला २४ खेळाडू घेण्यासाठी मिळून चार कोटी रुपयांची मर्यादा होती, महिलांच्या संघाला दोन कोटींची. विजेत्या पुरुष संघाचं बक्षीस होतं तीन कोटी. क्रिकेटमध्ये २०२१ साली आयपीएलचा लखनऊ संघ ७,०९० कोटींना गेला. या तीन बाजारांना एकाच तराजूत घातलं, तर आपल्या हॉकीकडून नको त्या अपेक्षा ठेवल्या जातात आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत की खेळालाच नावं ठेवली जातात.

गैरसमज २ : लिलावात लागलेली बोली हीच संघाची किंमत.

वस्तुस्थिती : बोली हा खेळाडूचा हंगामाचा मोबदला. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याला सूरमा हॉकी क्लबनं ७८ लाखांना घेतलं. ती त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. महिलांमध्ये सर्वांत मोठी बोली उदितावर लागली, ३२ लाखांची. हा पैसा संघमालकाच्या खिशातून जातो. खेळाडूंवर जास्त खर्च केला म्हणून संघाची किंमत आपोआप वाढत नाही. बी-बियाणं महागाचं आणलं म्हणून वावराचा भाव चढत नाही, तसंच हे.

मालकाच्या खर्चाची यादी खेळाडूंवर संपतही नाही. लीगमध्ये जागा मिळावी म्हणून भरायचं शुल्क, प्रशिक्षक, फिजिओ, परदेशी खेळाडूंची विमानं, महिनाभराची हॉटेलं, जाहिरात, सगळं त्यानंच करायचं. समोरून येतात प्रायोजक आणि लीगच्या सामायिक उत्पन्नातला वाटा. येणं-जाणं जुळत नसेल, तर मोठं नाव संघात असूनही तो संघ घ्यायला कोणी पुढे येत नाही. यूपी रुद्राज या संघानं पहिल्या हंगामात हार्दिक सिंगसारखा खेळाडू ७० लाखांना घेतला होता. दुसऱ्या हंगामाआधी त्याच संघाच्या मालकांनी आर्थिक गणित टिकाऊ नसल्याचं सांगून माघार घेतली.

गैरसमज ३ : संघ घेतला म्हणजे तो कायमचा मालकीचा झाला.

वस्तुस्थिती : लीगमधला संघ हे मक्त्याचं वावर आहे. मालक घेतो तो ठरावीक मुदतीसाठी त्या लीगमध्ये खेळण्याचा हक्क. मैदान त्याचं नसतं. खेळाडू करारापुरते त्याचे असतात. लीग थांबली की त्याच्या हातात नाव आणि जर्सी उरते. महाराष्ट्रानं हे इतक्या वेळा पाहिलंय की ते क्रमानं लिहून ठेवायला हवं.

२००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. तिच्यात आपला मराठा वॉरियर्स होता आणि धनराज पिल्ले त्यातून खेळला. ती लीग २००८ नंतर बंद पडली. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली. तिच्यात महाराष्ट्राचे दोन संघ होते, मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. देशात हॉकीचा कारभार कोणत्या संघटनेनं पाहायचा, हा वाद तेव्हा पेटलेला होता आणि या स्पर्धेला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती. दुसरा हंगाम झालाच नाही. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली आणि मुंबई मॅजिशियन्स आला. त्याच जानेवारीत सीमेवरच्या तणावामुळे लीगमधल्या नऊ पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवण्यात आलं. मुंबईत झालेल्या राजकीय विरोधामुळे मुंबईच्या संघाचे सामने शहराबाहेर हलवावे लागले. दोन हंगामांत तो संघ गेला. २०१५ मध्ये दबंग मुंबई आला, २०१७ पर्यंत खेळला आणि मग लीगच थांबली. २०२४ मध्ये लीग परत आली, तेव्हा पुरुषांच्या आठ आणि महिलांच्या चार संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

बारा वर्षांत पाच नावं झाली. २००५ मध्ये दहा वर्षांचा असलेला पोरगा २०१७ मध्ये बावीसचा झाला. तेवढ्या काळात त्यानं मन लावावं असं एकही नाव टिकलं नाही. पाठिंबा कमी पडला असं म्हणण्याआधी हा हिशेब समोर ठेवला पाहिजे.

गैरसमज ४ : जिंकणाऱ्या संघालाच भाव येतो.

वस्तुस्थिती : जिंकल्यानं आनंद मिळतो, बक्षीस मिळतं, पण संघाची किंमत ठरते ती लीगच्या भरवशावर. पुणे स्ट्रायकर्सनं २०१२ मध्ये अंतिम फेरी गाठली. मुंबईच्या महिंद्रा स्टेडियमवर शेर-ए-पंजाबनं त्यांना ५-२ नं हरवलं. देशात दुसरा आलेला संघ, आणि पुढच्या वर्षी त्याला खेळायला लीग नव्हती. दबंग मुंबईनं २०१७ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि कलिंगा लान्सर्सकडून हरला. संघ भरात होता, तरुण हरमनप्रीत त्याच संघात घडत होता. तोच त्याचा शेवटचा हंगाम ठरला.

उलट बाजू बर्फावरच्या हॉकीत दिसते. टोरंटो मेपल लीफ्सनं नॅशनल हॉकी लीगचा करंडक, स्टॅनले कप, शेवटचा जिंकला १९६७ मध्ये. तरी ‘फोर्ब्स’च्या २०२४ च्या यादीत त्या लीगमधला सर्वांत मौल्यवान संघ तोच होता, ३८० कोटी डॉलरचा. पन्नासहून जास्त वर्षं करंडक नाही, पण नाव तेच, शहर तेच. आजोबांनी ज्या संघासाठी घसा बसवला, त्याच संघासाठी नातू बसवतो. किंमत या सातत्याची आहे.

गैरसमज ५ : स्टेडियम भरलं की संघ नफ्यात येतो.

वस्तुस्थिती : साधा गुणाकार करून पाहा. चर्चगेटजवळच्या महिंद्रा स्टेडियममध्ये आठेक हजार माणसं बसतात. प्रत्येकी शंभर रुपये तिकीट धरलं आणि एकही खुर्ची रिकामी राहिली नाही, तरी एका सामन्याचे होतात आठ लाख. हरमनप्रीतचे ७८ लाख भरून काढायला असे जवळजवळ दहा सामने लागतील, आणि अजून तेवीस खेळाडू बाकी आहेत. २०२४-२५ च्या हंगामात तर राउरकेला आणि रांचीला प्रेक्षकांना मोफत प्रवेश होता. तिकीटखिडकीवर हॉकीचा संसार चालत नाही.

विहिरीला पाणी असतं ते प्रक्षेपणाच्या हक्कांचं. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे माध्यमहक्क ४८,३९० कोटींना गेले. त्यातला वाटा प्रत्येक संघाला मिळतो, म्हणून तळाला राहिलेल्या संघालाही किंमत असते. बर्फावरच्या हॉकीतलं ॲरिझोना कायोटीज हे उदाहरण याहून बोलकं आहे. शेवटी तो संघ विद्यापीठाच्या जेमतेम पाच हजार खुर्च्यांच्या रिंगणात खेळत होता. तरी २०२४ मध्ये त्याचे खेळाडू आणि लीगमधली जागा मिळवायला सॉल्ट लेक सिटीच्या मालकांनी १२० कोटी डॉलर मोजले. शंभर वर्षांहून जास्त काळ टिकलेल्या लीगमधली ती जागा होती.

म्हणून प्रेक्षक बिनकामाचा, असं मात्र कोणी समजू नये. वाहिन्या आणि प्रायोजक पैसे लावतात ते बघणारे डोळे मोजून. रिकाम्या खुर्च्यांसमोरचा सामना पडद्यावरही निर्जीव दिसतो. प्रेक्षकाचं मोल तिकिटाच्या रकमेहून कितीतरी जास्त आहे, एवढाच याचा अर्थ.

गैरसमज ६ : महाराष्ट्रात, त्यातही आपल्या भागात, हॉकीला चाहतेच नाहीत.

वस्तुस्थिती : २६ जानेवारी २०२५. रांची. महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना, ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा. ओडिशा २-१ नं जिंकली आणि ओडिशाचे दोन्ही गोल एकाच मुलीनं केले, सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळनं. पहिला करंडक मराठी मुलीच्या स्टिकनं आणला, पण तो महाराष्ट्राच्या नावावर लागला नाही, कारण महाराष्ट्राला संघच नव्हता. खडकीच्या गल्ल्यांतून धनराज आला. मुंबईची आगाखान स्पर्धा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. या मातीला हॉकी परकी कधीच नव्हती.

मग पाठिंबा दिसत का नाही? पहिलं कारण अंतर. वाशिमच्या माणसानं मुंबईच्या संघाचा सामना बघायचा तर रात्रभराचा प्रवास. पुन्हा सुरू झालेल्या लीगच्या पहिल्या हंगामात तर सगळे सामने राउरकेला आणि रांची या दोनच गावी झाले. दिल्ली, हैदराबाद, तामिळनाडूच्या संघांच्या घरच्या प्रेक्षकांनाही ते टीव्हीवरच बघावे लागले. दुसरं कारण, खेळ हातात आल्याशिवाय डोळ्यांत भरत नाही. जवाहरलाल नेहरू हॉकी स्पर्धा जिल्हा पातळीपासून होतात, पण मातीच्या मैदानावर शिकलेली पोरं पुढे गेली की त्यांना कृत्रिम टर्फवर खेळावं लागतं. तिथं चेंडू दुप्पट वेगानं आल्यासारखा वाटतो आणि मन खचतं.

याला उत्तर ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यानं दिलंय. आदिवासीबहुल, शेती आणि जंगलावर जगणारा जिल्हा. तिथं गावोगावी हॉकीच्या स्पर्धा होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो. त्याला तिकडे खस्सी स्पर्धा म्हणतात. पाड्यावरची माणसं मैदानाच्या कडेला दाटीनं उभी राहतात, कारण खेळणारा आपल्या घरचा असतो. या मातीतून दिलीप तिर्की भारताचा कर्णधार झाला. राउरकेल्याजवळच्या पानपोशला १९८५ पासून क्रीडा वसतिगृह आहे. २०१८ पासून ओडिशा सरकार भारतीय हॉकी संघांचं प्रायोजक आहे. २०२३ च्या विश्वचषकासाठी राउरकेल्यात वीस हजारांवर आसनांचं बिरसा मुंडा स्टेडियम उभं राहिलं. गावातली स्पर्धा आधी आली, मग वसतिगृह, आणि भव्य स्टेडियम सर्वांत शेवटी. आपण मात्र पाचही वेळा संघाच्या नावापासून सुरुवात केली.

आपल्या वाशिम जिल्ह्यालाही गर्दी जमवणं शिकवावं लागत नाही. कबड्डीचे सामने असोत की शंकरपट, जाहिरात न देता पंचक्रोशी लोटते. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वयानं लहान आहे. त्याच्या सहा तालुक्यांत मिळून हॉकीचं एक धड टर्फ, शाळांचे नियमित संघ आणि दरवर्षी त्याच तारखेला, त्याच नावानं होणारी एक स्पर्धा, एवढं मागणं फार मोठं नाही. त्याला कोट्यधीश मालक लागत नाही. जिल्हा क्रीडा कार्यालय, शाळा आणि पालक यांनी मिळून करायचं हे काम आहे.

उद्या महाराष्ट्राचा संघ पुन्हा आला, तर तो कितीला गेला यापेक्षा किती वर्षांसाठी आला, हे आधी विचारावं. वर्षाच्या मक्त्यावर घेतलेल्या वावरात कोणी विहीर खोदत नाही, हे वाशिमच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मुदत पाचदहा वर्षांची असेल तरच मक्तेदार बांध नीट करतो, शेणखत टाकतो, झाड लावतो. हॉकीतल्या पाचही मक्त्यांत आपल्याकडे विहीर खोदली गेली नाही. पण वावर पडीक असलं तरी माती सकस आहे. ऋतुजा याच मातीची.