क्लथनरोधके : गर्भावरील परिणाम

रक्त साखळण्याच्या क्रियेस (क्लथनास) अटकाव करणाऱ्या औषधांना क्लथनरोधके म्हणतात. हृदयात कृत्रिम धातवीय झडप बसविलेल्या स्त्रीला ती आयुष्यभर घ्यावी लागतात. गर्भावस्थेत रक्ताची साखळण्याची प्रवृत्ती वाढलेली असल्याने याच काळात ती थांबविणे मातेच्या जिवावर बेतू शकते. उलट, त्यांतील काही औषधे गर्भास अपायकारक असतात. भारतात संधिज्वरामुळे झडपा निकामी झालेल्या तरुण स्त्रिया पुष्कळ आढळत असल्याने या पेचास येथे विशेष महत्त्व आहे.

गर्भाला असणारा धोका मुख्यत्वे औषध वारेतून पलीकडे जाते की नाही यावर अवलंबून असतो. हेपारिनाचे रेणू मोठे (सरासरी रेणुभार सु. १५,०००) व विद्युत् भारित असल्याने ते वार ओलांडत नाहीत. कमी रेणुभाराचे हेपारीनही ती ओलांडत नाही. वॉरफॅरीन (रेणुभार सु. ३०८) मात्र सहज गर्भात शिरते. कुजलेला क्लोव्हर चारा खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या गुरांच्या अभ्यासातून या गटाचा शोध लागला. वॉरफॅरीन १९४८ मध्ये प्रथम उंदीर मारण्यासाठी विक्रीस आले व १९५४ पासून माणसांत वापरले जाऊ लागले.

वॉरफॅरिनामुळे के जीवनसत्त्वाचा शरीरातील पुनर्वापर बंद पडतो. या जीवनसत्त्वावर क्लथन घटकांप्रमाणेच उपास्थींतील (कूर्चांतील) काही प्रथिनेही अवलंबून असतात. त्यामुळे ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान औषध चालू राहिल्यास अर्भकाचे नाक बसके व अपुऱ्या वाढीचे राहते, कधी श्वासही कोंडतो. क्ष-किरण चित्रात हाडांच्या टोकांशी ठिपके दिसतात. पुढील महिन्यांत मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. दररोज ५ मिग्रॅ. वा त्याहून कमी मात्रेत व्यंगांचे प्रमाण पुष्कळच कमी आढळते, तथापि गर्भपाताचा धोका पूर्णपणे टळत नाही.

मग सर्वांनाच हेपारीन का देऊ नये? कारण ते गर्भाला निर्धोक असले, तरी धातवीय झडपेवर गुठळी होऊ न देण्यात वॉरफॅरिनाहून उणे पडते. म्हणून कमी मात्रा पुरत असल्यास स्त्रीच्या संमतीने वॉरफॅरीनच चालू ठेवतात. जास्त मात्रा लागत असल्यास ६ ते १२ आठवड्यांपर्यंत हेपारीन देऊन रक्ततपासणीने त्याची मात्रा वारंवार जुळवितात. सु. ३६ व्या आठवड्यापासून पुन्हा हेपारीन देतात. वॉरफॅरीन चालू असताना कळा सुरू झाल्यास, मातेचे क्लथन उपचाराने सुधारले तरी गर्भाचे तितक्या लवकर सुधारत नाही. योनिमार्गे प्रसूतीत त्याच्या डोक्यावर येणाऱ्या दाबाने मेंदूत रक्तस्राव होऊ नये म्हणून सामान्यतः शस्त्रक्रियेने प्रसूती करतात. प्रसूतीनंतर वॉरफॅरीन घेत असताना अंगावर पाजण्यास हरकत नसते. तोंडाने घेण्याची रिव्हारोक्सॅबानासारखी नवी औषधे गर्भावस्थेत टाळतात. धातवीय झडपेसाठी तर ती एरवीही वर्ज्य आहेत.

आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजत असल्याने, पाळी चुकल्यापासून सहावा आठवडा उजाडेपर्यंत जेमतेम एक-दोन आठवडेच हाती राहतात. त्यामुळे औषधांची योजना गर्भधारणेपूर्वीच ठरवावी लागते. पाळी चुकताच मूत्रतपासणी करून वैद्याकडे जावे. भीतीपोटी गोळ्या परस्पर बंद करू नयेत.