शाळेची किल्ली कोणाच्या हाती?

शाळांची सायबर सुरक्षा म्हटले की दूर कुठेतरी बसलेला हल्लेखोर डोळ्यांसमोर येतो. गोवंडीतल्या शिवाजीनगर, बैंगनवाडी भागात शाळेचे कागद कसे फिरतात हे पाहू लागल्यावर मला त्या चित्राचा उपयोग वाटेनासा झाला. इथे मुलाची माहिती मिळवायला कुलूप फोडावे लागत नाही. ती अर्जासोबत हातोहात दिली जाते.

पूर्वी ही माहिती जनरल रजिस्टरमध्ये असे आणि रजिस्टर मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात. जन्मतारखेतली दुरुस्तीसुद्धा शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय होत नसे. आज तीच नोंद ‘सरल’ आणि ‘यू-डायस प्लस’वर आहे, आधारशी जोडलेली आहे, शिवाय तिच्यावर ‘अपार’चा १२ अंकी क्रमांक चढतो आहे. कपाटाची जागा लॉगिनने घेतली. कपाटाभोवतीची शिस्त मात्र मागेच राहिली. प्राथमिक शाळेला बहुधा स्वतंत्र लिपिक नसतो. मग पासवर्ड मुख्याध्यापकांना, संगणक जमणाऱ्या एखाद्या शिक्षकाला आणि अडीअडचणीला धावून येणाऱ्या आणखी कोणाला ठाऊक असतो. दिवसा पोर्टल चालत नाही, शेवटची तारीख उद्यावर आलेली असते. काम रात्री घरून, नाहीतर नाक्यावरच्या सायबर कॅफेतून उरकले जाते. यात शिक्षकांचा आळस शोधणे अन्यायाचे होईल.

हा कॅफे नीट पाहण्यासारखा आहे. जरीकाम किंवा रोजंदारी करणाऱ्या घरात फोन बहुधा एकच, आणि रिचार्ज चुकले की त्याचा नंबरही बदलतो. म्हणून अर्जावर अनेकदा दुकानदाराचाच नंबर लिहिला जातो आणि ओटीपी त्याच्या फोनवर येतो. आधार, पासबुक, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती त्याच्या संगणकावर राहतात, कारण तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येणार. माणूस बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो. पण शेकडो मुलांची ओळख अशा यंत्रात साठते, ज्याला साधा पासवर्डही नसतो.

अशा व्यवस्थेत काय घडू शकते, याचा दाखला देशपातळीवर मिळाला आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची केंद्रीय मंत्रालयाने तपासणी केली तेव्हा १५७२ पैकी ८३० संस्था बनावट किंवा गैरव्यवहारात गुंतलेल्या निघाल्या. नुकसान १४४ कोटी रुपयांहून अधिक. २०२३मध्ये प्रकरण सीबीआयकडे गेले. अर्ज आधी संस्थेच्या, मग जिल्ह्याच्या लॉगिनवर तपासायचा होता. खोटे अर्ज ही दोन्ही दारे ओलांडून गेले. आपल्याकडे नागपूर विभागात २०२५मध्ये ‘शालार्थ’ या वेतनप्रणालीत बनावट आयडी तयार करून पगार काढल्याचे उघड झाले आणि शिक्षण खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही अटक झाली. अमेरिकेत ‘पॉवरस्कूल’ कंपनीच्या यंत्रणेतून डिसेंबर २०२४मध्ये कोट्यवधी विद्यार्थ्यांची माहिती गेली, तीही चोरलेल्या लॉगिनने. तिन्ही ठिकाणी दार किल्लीनेच उघडले.

मोठ्या माणसाचे कार्ड चोरीला गेले तर ते बंद करता येते. मुलाची जन्मतारीख, आईचे नाव, आधार क्रमांक बदलत नाहीत. शिवाय सात वर्षांचे मूल कर्ज काढायला जात नाही. त्याच्या नावाचा गैरवापर झाला तर तो दहा वर्षे कोणाच्या लक्षातही येणार नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली. चांगलेच झाले. पण ओटीपी दुकानदाराच्या फोनवर येत असेल, तर ती संमती कोणाची?

महागडी सॉफ्टवेअरे सुचवणाऱ्यांविषयी मला थोडा संशय आहे. त्याआधी प्रवेशाच्या दिवसांत शाळेतच एक संगणक आणि अर्ज भरणारा एक माणूस बसवावा. प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्यावे. आधारची प्रत व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मागवू नये. जिथे चालते तिथे पहिले आठ अंक झाकलेले आधार घ्यावे. पैशाची फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेला असावा. आणि मुख्याध्यापकांची बदली होते तेव्हा बाके, कपाटे, शिक्के, डेडस्टॉक यांची चार्ज यादी होते, तिच्यात सगळी लॉगिने आणि त्यांना जोडलेले मोबाईल नंबर यावेत. नव्या मुख्याध्यापकांनी सही करण्याआधी, जुन्यांच्या समोरच, ते बदललेले असावेत.